गोळी कोणाची, ग्रंथ कोणाचा

माणसाच्या हातून एखादे भयंकर कृत्य घडते, ते करण्याचा आपला इरादा नव्हता असे तो सांगतो, आणि त्याचे सांगणे खोटे आहे असे छातीठोकपणे म्हणताही येत नाही. अशा वेळी त्या कृत्याचा कर्ता कोणाला मानावे, हा प्रश्न न्यायालय, धर्म आणि तत्त्वज्ञान या तिन्ही ठिकाणी फार जुन्या काळापासून विचारला गेला आहे. डेव्हिड क्रोननबर्ग या कॅनडियन दिग्दर्शकाने १९९१ साली ‘नेकेड लंच’ या चित्रपटात हाच प्रश्न कीटक, टंकयंत्र आणि पिस्तूल यांच्या विलक्षण गुंतवळ्यातून पुन्हा उभा केला. चित्रपटाचे नाव विल्यम बरोज या अमेरिकन लेखकाच्या १९५९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे असले, तरी तो त्या कादंबरीचे रूपांतर नाही. त्या कादंबरीला सलग कथानकच नाही, शिवाय ती जशीच्या तशी पडद्यावर आणली असती तर कोणत्याही देशाच्या परिनिरीक्षण मंडळाने तिला हात लावला नसता. क्रोननबर्गने कादंबरीतील प्रतिमा, बरोजचे इतर लेखन आणि त्याच्या आयुष्यातील एक प्रत्यक्ष मृत्यू यांची सांगड घालून ‘असे पुस्तक एखाद्याच्या हातून कसे लिहिले जाते’ याची कथा रचली. चित्रपट अतिवास्तववादी वळणाचा आहे, म्हणजे स्वप्न आणि जागृती यांच्यामध्ये तो भिंत मानत नाही आणि भासाला वस्तुस्थितीइतकेच वजन देतो. मात्र ज्या घटनेभोवती हे सारे भास फिरतात ती घटना भास नव्हती.

६ सप्टेंबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीत, बाउंटी नावाच्या बारच्या वरच्या मजल्यावर एका मित्राच्या घरी मद्यपान चालू असताना, बरोजने आपली पत्नी जोन व्होल्मर हिला विल्यम टेलचा खेळ करून दाखवू असे सुचवले. विल्यम टेल हा स्विस दंतकथेतील तिरंदाज. आपल्या मुलाच्या डोक्यावर ठेवलेले सफरचंद त्याने बाणाने अचूक टिपले, अशी ती कथा आहे. जोनने सफरचंदाऐवजी पेला डोक्यावर ठेवला, बरोजने काही पावलांवरून पिस्तूल झाडले आणि गोळी तिच्या कपाळात घुसली. ती २८ वर्षांची होती. बरोजने पोलिसांना प्रथम या खेळाचीच हकीगत सांगितली, नंतर मात्र जबानी फिरवून पिस्तूल हाताळताना ते चुकून उडाले असे सांगितले. १३ दिवसांच्या कोठडीनंतर तो जामिनावर सुटला, १९५२ च्या अखेरीस त्याने मेक्सिको सोडले, आणि पुढे त्याच्या गैरहजेरीत त्याला दोन वर्षांची स्थगित शिक्षा सुनावण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले.

बरोजच्या दृष्टीने ते कधीच मिटले नाही, याची साक्ष त्याच्या ‘क्वीअर’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत मिळते. पन्नासच्या दशकाच्या आरंभी लिहिलेली ही कादंबरी १९८५ साली छापली गेली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या लेखकाने दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. पहिली अशी की, जोनचा मृत्यू घडला नसता तर आपण लेखक झालोच नसतो, या भयावह निष्कर्षापर्यंत आपल्याला यावे लागते. दुसरी अशी की, त्या मृत्यूने आपला संबंध एका आक्रमक परकीय शक्तीशी, त्याच्या शब्दांत ‘कुरूप आत्म्या’शी आणला, आणि तेव्हापासून त्या शक्तीच्या तावडीतून लिहीत लिहीत बाहेर पडण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नाही. ‘कुरूप आत्मा’ हे नाव त्याला त्याचा चित्रकार मित्र ब्रायन गायसिन याच्याकडून मिळाले होते. जोनच्या मृत्यूच्या दिवशी दुपारी धार लावण्यासाठी सुरी घेऊन रस्त्याने जात असताना आपल्या डोळ्यांतून कारण नसताना पाण्याच्या धारा लागल्या होत्या, हा तपशीलही त्याने तेथे नोंदवला आहे. संध्याकाळी जे घडणार होते त्याची चाहूल शरीराला आधीच लागली होती, म्हणजे कोणीतरी ते आधीच ठरवून ठेवले होते, असे तो वाचकाला सुचवतो.

बाधेची ही भाषा मराठी वाचकाला अनोळखी नाही. झपाटणे, बाहेरचे लागणे, अंगात येणे या सगळ्या शब्दप्रयोगांमागे एक गृहीत आहे: माणसाचे शरीर हे घर आहे आणि त्या घरात धन्याखेरीज दुसरे कोणी शिरून त्याच्या हातांनी कामे करू शकते. झपाटलेल्याने केलेल्या आचरट कृत्याबद्दल गाव त्याला पूर्ण दोषी धरत नाही. देवऋषी बाधेला नाव विचारतो, तिची मागणी विचारतो, आणि बाधा उतरली की माणूस पुन्हा पूर्वीसारखा समाजात मिसळतो. या व्यवस्थेत एक खोल करुणा आहे, कारण ती माणसाला त्याच्या सर्वांत वाईट क्षणाशी कायमचे बांधून ठेवत नाही. परंतु बरोजच्या हकीगतीत बाधा एका संध्याकाळीच गोळी झाडून निघून जात नाही. पुढे चाळीस वर्षे ती लिहवून घेते. येथपासून ही हकीगत लोकसमजुतीच्या पलीकडे जाते आणि तत्त्वज्ञानाच्या अडचणीत सापडते.

ख्रिस्ती परंपरेत ही अडचण ऑगस्टिन या संताने चौथ्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ याच रूपात अनुभवली होती. तरुणपणी तो मानीपंथी होता. मानी या तिसऱ्या शतकातील धर्मसंस्थापकाचा पंथ असे मानी की, प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र, अनादि तत्त्वे आहेत, आणि माणसाच्या देहात अंधाराच्या राज्याने घुसखोरी केलेली आहे. ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात ऑगस्टिन कबूल करतो की, त्या काळात पाप आपण करत नसून आपल्यातील दुसरेच काही करत असते, ही समजूत आपल्याला अतिशय सुखावत असे. त्यामुळे चूक करूनही निर्दोष राहता येत होते आणि क्षमा मागण्याची वेळ येत नव्हती. पुढे त्याने हा पंथ सोडला, त्याच्या कारणांत हेही एक मोठे कारण होते. संत पॉलनेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपल्याला नको असलेलेच आपल्या हातून घडते आणि ते आपल्यात वसणारे पाप करते, असा आक्रोश केला आहे. तो आक्रोश मात्र बचावासाठी नाही. सुटकेची याचना करणाऱ्याचा तो आहे. बरोजची विश्वदृष्टी मानीपंथाशी मिळतीजुळती होती. सृष्टी ही परस्परविरोधी शक्तींची रणभूमी आहे, भाषा, व्यसन आणि राजसत्ता ही माणसाला ताब्यात ठेवणाऱ्या नियंत्रणाची हत्यारे आहेत, हा त्याच्या समग्र लेखनाचा कणा आहे. तेव्हा ‘कुरूप आत्मा’ ही म्हातारपणी सुचलेली सबब नव्हती. ती त्याच्या श्रद्धेतून सरळ निघालेली गोष्ट होती, आणि म्हणूनच ती झटकून टाकता येत नाही.

क्रोननबर्गचा चित्रपट या श्रद्धेला कसा सामोरा जातो ते पाहण्यासाठी त्यातील काही प्रसंग जवळून पाहिले पाहिजेत. नायकाचे बिल ली हे नाव बरोजनेच पूर्वी घेतलेले आहे. १९५३ साली ‘जंकी’ हे पहिले पुस्तक त्याने विल्यम ली या टोपणनावाने छापले होते आणि ली हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव. पीटर वेलरने साकारलेला हा ली न्यूयॉर्कमध्ये झुरळे मारण्याचे काम करतो. बरोजनेही तरुणपणी शिकागोत हेच काम केले होते. कीटकनाशक पावडर चोरीला जाते, कारण लीची पत्नी जोन ती पावडर नशेसाठी टोचून घेते. पोलीस लीला पकडून एका खोलीत बसवतात आणि पावडर खरी आहे का हे पाहण्यासाठी तेथे एक अगडबंब कीटक सोडतात. एकांत मिळताच तो कीटक पंखांखालच्या छिद्रातून बोलू लागतो, स्वतःला लीचा वरिष्ठ म्हणवतो आणि जोन ही शत्रूची हस्तक आहे, ती माणूसदेखील नाही, तिला संपवले पाहिजे, असा हुकूम देतो. ली पायातला बूट काढतो आणि त्या कीटकाचा चेंदामेंदा करतो.

चित्रपटातील सर्वांत विचार करायला लावणारी कृती हीच आहे. हुकूम बाहेरून आला, तो स्पष्ट शब्दांत आला आणि लीने तो झिडकारला. म्हणजे नकार देण्याची ताकद त्याच्यात होती. तरीही थोड्याच वेळाने, घरी, कोणताही हुकूम कानावर नसताना, तो अगदी सहज स्वरात विल्यम टेलच्या खेळाची वेळ झाली असे जोनला सांगतो आणि कीटकाने सांगितलेले काम अपघात म्हणून पार पाडतो. बाधेच्या सिद्धान्तानुसार क्रम उलटा असायला हवा होता, आज्ञा ऐकताना माणूस हतबल असायला हवा होता. क्रोननबर्ग दाखवतो ते असे की, ज्याला माणूस जाणतेपणी नाही म्हणतो तेच तो नकळत करून टाकतो, आणि म्हणून ‘नकळत’ हा शब्द निर्दोषपणाचा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

यानंतर ली पळतो. पळण्यापूर्वी तो गहाणवटीच्या दुकानात जाऊन पिस्तूल देतो आणि त्याच्या बदल्यात क्लार्क नोव्हा नावाचे टंकयंत्र घेतो. हा व्यवहार पडद्यावर काही क्षणांत उरकतो, परंतु १९८५ च्या प्रस्तावनेतील कार्यकारणभाव त्यात डोळ्यांना दिसेल असा मांडला आहे: ज्या वस्तूने जोन मेली त्या वस्तूच्या किमतीतून लेखनाचे साधन मिळाले. पुढे इंटरझोन या नगरात हेच टंकयंत्र भुंग्यासारख्या प्राण्यात बदलते, लीकडून ‘अहवाल’ लिहवून घेते, आणि जोनला मारण्यासाठी तुला घडवण्यात आले होते, ते तुझ्या स्वेच्छेचे कृत्य नव्हतेच, असे त्याला सांगते. इंटरझोन म्हणजे मोरोक्कोतील टँजियरचे स्वप्नरूप. हे शहर १९५६ पर्यंत अनेक राष्ट्रांच्या संयुक्त अमलाखाली होते आणि बरोज १९५४ पासून तेथे राहिला होता. चित्रण टँजियरमध्येच करण्याचा बेत होता, पण आखाती युद्ध सुरू झाल्यामुळे तो सोडावा लागला आणि सगळे नगर टोरोंटोतील नेपथ्यात उभारले गेले. या अडचणीने चित्रपटाचे भले केले असे म्हणावेसे वाटते, कारण बंद दालनात उभारलेल्या त्या गल्ल्यांत मोकळे आकाश जवळजवळ दिसत नाही आणि ली न्यूयॉर्कहून कोठेही गेलेला नाही, तो आपल्याच डोक्यात हिंडत आहे, ही शंका प्रेक्षकाला सोडत नाही.

या नगरात लीचे दोन मित्र, हँक आणि मार्टिन, त्याला शोधत येतात. जॅक केरूॲक आणि ॲलन गिन्सबर्ग यांच्यावरून बेतलेली ही पात्रे आहेत. प्रत्यक्षातही १९५७ साली केरूॲकने टँजियरला येऊन बरोजच्या विखुरलेल्या पानांचे टंकलेखन केले होते आणि त्यांची जुळवाजुळव करण्यासाठी गिन्सबर्गने मागाहून हात लावला होता. चित्रपटात मित्र लीला सांगतात की, तू आम्हाला पाठवलेली पाने म्हणजे एक पुस्तक आहे. लीला ती पाने लिहिल्याचे आठवत नाही. फुटलेल्या टंकयंत्राचे अवशेष म्हणून तो जी पिशवी बाळगतो, तिच्यात मित्रांना औषधांच्या बाटल्या आणि नशेचे साहित्य आढळते.

लीला पुस्तक लिहिल्याचे आठवत नाही आणि जोनला मारण्याचा त्याचा इरादा नव्हता: या दोन विधानांची रचना एकच आहे. गोळी बाधेने झाडली असेल, तर पुस्तकही बाधेनेच लिहिले. आणि पुस्तक लीचे असेल, तर गोळीही त्याचीच ठरते. कर्तृत्वाचा हिशेब एका ओळीत नाकारून दुसऱ्या ओळीत स्वीकारता येत नाही. प्रत्यक्ष बरोज या बाबतीत वरवर सुसंगत दिसतो, कारण आपल्या लेखनावरचा हक्कही त्याने अनेकदा सैल सोडला होता. १९५९ नंतर गायसिनच्या सोबतीने त्याने कर्तन-जोडणीची पद्धत विकसित केली. छापील मजकुराची पाने कापायची, तुकडे यदृच्छेने जुळवायचे आणि त्यातून जे वाक्य निघेल त्याला आपलेसे करायचे, अशी ती पद्धत होती, आणि भाषेच्या आत दडलेल्या नियंत्रणाची साखळी यामुळे तुटते अशी त्याची धारणा होती. तथापि पुस्तकांवर नाव त्याचे होते, मानधन त्याला मिळाले, आणि ‘नेकेड लंच’वरील अश्लीलतेचा खटला मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात १९६६ साली निकाली निघाला तेव्हा विजयी झालेला लेखकही तोच होता. फळ स्वीकारणाऱ्याला कर्म नाकारता येत नाही, ही अट भारतीय विचाराने फार पूर्वी घातली आहे.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन अगदी बरोजचाच प्रश्न विचारतो: इच्छा नसतानाही, जणू कोणी बळजबरीने जुंपल्याप्रमाणे, माणूस पाप का करतो? कृष्णाचे उत्तर कोणत्याही परकीय आत्म्याकडे बोट दाखवत नाही. तो काम आणि क्रोध यांची नावे घेतो आणि या शत्रूचे ठाणे इंद्रिये, मन आणि बुद्धी यांतच आहे असे सांगतो. बळजबरीचा अनुभव खरा आहे, पण बळजबरी करणारा घरातलाच आहे, असा याचा अर्थ होतो. अठराव्या अध्यायात हा विचार अधिक बारकाईने येतो. कोणत्याही कर्माची सिद्धी पाच कारणांनी होते असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे कर्माला आधार देणारे शरीर, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. आपण एकटेच कर्ते आहोत असे मानणाऱ्याची दृष्टी तेथे अपुरी ठरवली आहे. बरोजच्या त्या संध्याकाळला ही पाच कारणे लावून पाहिली, तर मद्याने जड झालेले शरीर, हातातले पिस्तूल, पेल्याची उंची, हाताचा कंप आणि ज्याचे नाव सापडत नाही ते दैव, असे सगळे तेथे होते. पण या यादीतून कर्ता वगळलेला नाही. तो पाचांतला एक आहे.

याच अध्यायात पुढे, ज्याच्या ठायी मीपणाचा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याने मारले तरी तो मारत नाही, असा प्रसिद्ध विचार येतो, आणि वरवर पाहता तो बरोजच्या बचावाला उपयोगी पडेल असे वाटते. परंतु त्याची अट अलिप्ततेची आहे, आणि ज्याचे सगळे साहित्यिक अस्तित्व, त्याच्याच कबुलीनुसार, त्या एका कृत्याच्या परिणामावर उभे आहे, त्याला अलिप्त कसे म्हणावे? लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्या संबंधासाठी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे, यावरून कर्माची ओढ आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा मेळ घालणे किती अवघड मानले गेले होते हे दिसते. गीतेतील निरहंकार आणि बरोजची बाधा यांत एक ठळक भेद आहे. पहिल्यात ‘मी’ हळूहळू विरघळतो, दुसऱ्यात ‘मी’ शाबूत राहतो आणि फक्त दोष दुसऱ्याच्या नावावर चढवला जातो.

मराठी घरांत सांगितल्या जाणाऱ्या वाल्या कोळ्याच्या कथेची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. ही कथा वाल्मीकिरामायणात नाही, ती नंतरच्या परंपरेतली आहे. पण मारणाऱ्या हातातून कवी कसा जन्माला येतो याविषयी भारतीय मनाने केलेला हा सर्वांत प्रामाणिक विचार आहे. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारद विचारतो की, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील का; वाल्या घरी जाऊन बायकामुलांना विचारतो आणि कोणीही वाटा उचलायला तयार होत नाही. वाटेकरी नाही हे कळणे, हाच वाल्याच्या आयुष्यातला वळणबिंदू आहे. वारूळ, नामजप, कवित्व हे सारे त्यानंतरचे. बरोजने मात्र आयुष्यभर वाटेकरी शोधला आणि ‘कुरूप आत्म्या’च्या रूपाने तो त्याला मिळाला. रामायणाच्या बालकांडातील प्रसंग याहून वेगळा आहे: तेथे क्रौंच पक्ष्याला बाण लागतो, त्याच्या जोडीदारिणीचा आकांत ऐकून कवीच्या तोंडून शापवाणी निघते आणि तीच पहिली कविता ठरते. त्या प्रसंगात कवी पाहणारा आहे आणि बाण मारणारा निषाद दुसरा आहे. ‘नेकेड लंच’मध्ये निषाद आणि कवी एकाच देहात आहेत, आणि शाप कोणी कोणाला द्यायचा हे ठरवणारे कोणी नाही.

आधुनिक पाश्चात्त्य नीतिशास्त्रात याच कोड्याची दुसरी बाजू बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६ च्या ‘मॉरल लक’ या निबंधात मांडली. नैतिक दैव म्हणजे असे की, कृत्य योग्य होते की अयोग्य हे कधी कधी आपल्या ताब्यात नसलेल्या परिणामांवर ठरते. विल्यम्सने चित्रकार गोगँ याच्यावरून बेतलेले एक उदाहरण घेतले: कुटुंबाला वाऱ्यावर सोडून जाणारा चित्रकार जर महान चित्रे काढू शकला, तर त्या यशातून त्याला मागाहून काही समर्थन मिळते, आणि अपयशी ठरला तर काहीच मिळत नाही. विल्यम्सने एका ट्रकचालकाचेही उदाहरण दिले आहे. त्याची काहीही चूक नसताना मूल चाकाखाली सापडते, तरी त्याला वाटणारे दुःख रस्त्यावरच्या बघ्याच्या दुःखाहून वेगळे असते, कारण ते त्याच्या हातून झालेले असते. या दुःखाला कर्त्याची खंत म्हणता येईल. बरोजची खंत या जातीची होती यात शंका नाही. पण ‘जोन मेली नसती तर मी लेखक झालो नसतो’ या वाक्यात ट्रकचालकाची खंत गोगँच्या समर्थनाकडे सरकू लागते, आणि बरोजने स्वतः त्या निष्कर्षाला भयावह म्हटले ते याच कारणाने असावे. मृत्यूला साहित्याचे कारण ठरवले की साहित्य चांगले निघाल्यास मृत्यूला प्रयोजन मिळते, आणि मेलेल्या व्यक्तीचे आयुष्य दुसऱ्याच्या ग्रंथाचा कच्चा माल होऊन बसते.

चित्रपटाचा शेवट या समर्थनाला सरळ नाकारतो. इंटरझोनमध्ये लीला जोन फ्रॉस्ट नावाची दुसरी स्त्री भेटली आहे. पॉल आणि जेन बोल्स या टँजियरमधील लेखक दांपत्याची छाया असलेल्या जोडप्यापैकी ती एक, आणि तिची भूमिकाही लीच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या ज्यूडी डेव्हिसनेच केली आहे. तिला सोबत घेऊन ली ॲनेक्झिया नावाच्या देशाच्या बर्फाळ सीमेवर येतो. पहारेकरी व्यवसाय विचारतात, तो लेखक असल्याचे सांगतो, ते पुरावा मागतात. तो पेन दाखवतो, त्याने त्यांचे समाधान होत नाही. तेव्हा ली मागे वळून झोपेतून उठलेल्या जोनला विल्यम टेलच्या खेळाची वेळ झाली असे सांगतो, ती पेला डोक्यावर ठेवते, गोळी सुटते, आणि पहारेकरी त्याचे स्वागत करतात. एकदा केलेले कृत्य लेखनाने फिटले असते तर सीमेवर पुस्तक दाखवून भागले असते. क्रोननबर्गच्या मते तसे होत नाही. लेखक म्हणून आत शिरण्यासाठी त्याला तेच कृत्य पुन्हा करावे लागते, आणि या वेळी कीटक नाही, टंकयंत्र नाही, नशाही दिसत नाही. ली शुद्धीवर आहे आणि त्याच्या डोळ्यांत अश्रू आहेत. बरोजच्या प्रस्तावनेपेक्षा हा शेवट अधिक खरा आहे, असे निःसंकोचपणे म्हटले पाहिजे.

धर्मशास्त्राने ज्याला प्रायश्चित्त म्हटले त्याच्या कसोटीवर हे पाहिले तर काय दिसते? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या १९५३ च्या चौथ्या खंडात या विषयाचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांमध्ये ख्यापन म्हणजे आपले पाप उघडपणे सांगणे, अनुताप म्हणजे पश्चात्ताप, तप, अध्ययन आणि दान यांची गणना केली आहे. त्याच ठिकाणी अकामकृत, म्हणजे हेतू नसताना घडलेल्या, पापालाही प्रायश्चित्त सांगितले आहे. मतभेद आहे तो जाणूनबुजून केलेले पाप प्रायश्चित्ताने जाते की नाही याबद्दल. म्हणजे हेतू नव्हता हे म्हणणे ग्राह्य धरूनही हिशेब बाकी राहतो, आणि ख्यापनाचे वाक्य कर्त्याच्या नावानेच सुरू व्हावे लागते. १९८५ ची प्रस्तावना हे अर्धे ख्यापन आहे. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही महिन्यांनी, मार्च १९९२ मध्ये, ७८ वर्षांच्या बरोजने कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या आपल्या गावी नवाहो वैद्याकडून शुद्धीचा विधी करवून घेतला. तापवलेल्या दगडांच्या वाफेने भरलेल्या काळोख्या झोपडीत बसून अंगातील आत्म्याला बाहेर काढण्याचा हा विधी होता, आणि गिन्सबर्गही त्या वेळी सोबत होता. चार दशकांनंतरही या माणसाला त्या बाधेपासून सुटका हवी होती ही गोष्ट हृदयाला भिडते. तरीही विधी बाधेला उद्देशून होता. ज्या व्यक्तीचे देणे लागत होते तिला उद्देशून विधी कसा करायचा, हे कोणालाच सांगता आले नसते.

जोनची बाजू चित्रपटातही अपुरीच राहते, आणि हा त्याचा खरा दोष आहे. न्यूयॉर्कच्या बार्नर्ड महाविद्यालयात शिकलेली, जिच्या घरात चाळीसच्या दशकात केरूॲक, गिन्सबर्ग आदी बीट लेखकांचे वर्तुळ जमले, ती तल्लख बुद्धीची स्त्री पडद्यावर दोनदा येते आणि दोन्ही वेळा नेमबाजाच्या समोर उभी राहण्यासाठी येते. गिन्सबर्गने १९५५ साली स्वप्नात तिला भेटून लिहिलेल्या कवितेत निदान तिला मृत्यूपलीकडच्या गोष्टी विचारल्या होत्या. चित्रपटात तिची मुलेही नाहीत. तिचा आणि बरोजचा मुलगा विल्यम बरोज ज्युनियर आईच्या मृत्यूच्या वेळी चार वर्षांचा होता, आजीआजोबांकडे वाढला, त्याने ‘स्पीड’ आणि ‘केंटकी हॅम’ ही दोन आत्मकथनपर पुस्तके अनुक्रमे १९७० आणि १९७३ साली प्रसिद्ध केली आणि १९८१ साली ३३ व्या वर्षी तो वारला. पहिल्या पुस्तकाचे नाव ज्या उत्तेजक द्रव्यावरून आले आहे त्याच वर्गातील औषधाच्या आहारी त्याची आईही गेली होती. एका गोळीतून दोन लेखक निघाले असे म्हणायचे असेल, तर त्यांतला दुसरा बालकांडातील कवीप्रमाणे पाहणाऱ्याच्या बाजूचा होता; त्याच्याजवळ दोष चढवायला ‘कुरूप आत्मा’ नव्हता, आणि कर्ता कोण हा प्रश्न त्याच्यापुरता जन्मदात्याच्या नावातच उभा होता.